सहाशे चाळीस रेकॉर्ड आणि दहा पोल जमीन

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी ७४ वर्षांची, निवृत्त नर्स. १९७२ साली ट्रेनिंगसाठी मुंबईहून इंग्लंडला आले, तेव्हापासून बोल्टनमध्येच आहे. नर्सेस होममध्ये माझ्या खोलीत बार्बाडोसची मुलगी होती. तिच्याकडे एक छोटा रेकॉर्ड प्लेअर होता आणि सोल संगीताच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकन गायकांच्या, पंचवीसेक रेकॉर्ड. तिच्यामुळे लागलेला नाद आजतागायत सुटलेला नाही. १९७५ साली एकदाच तिच्याबरोबर विगन कसिनो या नाचाच्या क्लबला गेले, रात्रभर नाचले आणि सकाळी थेट ड्युटीवर हजर झाले. घरी कुणालाच हे माहीत नाही. आज माझ्याकडे ६४० सिंगल्स आहेत, म्हणजे एका बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्ड.

दुसरा नाद अलॉटमेंटचा, म्हणजे कौन्सिलकडून भाड्याने घेतलेल्या बागेच्या तुकड्याचा. २६ वर्षं यजमान आणि मी रास्पबेरी, ब्लॅककरंट, गूजबेरी, स्ट्रॉबेरी लावत आलो. तीन वर्षांपूर्वी ते गेले. नंतर माझं खुब्याचं ऑपरेशन झालं. अर्ध्या प्लॉटवर काटेरी ब्रॅम्बल माजलंय, आणि प्लॉट कसलेला नाही असं साइट सेक्रेटरीचं पत्र आलंय. मुलगी रेडिंगला असते. ती म्हणते, आई आता इकडेच ये. तिच्याकडे माझ्यासाठी एक खोली आहे आणि एक शेल्फ. एक विक्रेता घरी येऊन सगळ्या रेकॉर्डचे मिळून ४०० पौंड देतो म्हणाला.

मंडळाच्या गणपतीत मी सगळ्यांबरोबर नाट्यगीतं ऐकते आणि घरी येऊन सोल गायक ओटिस रेडिंग लावते. या वयात तबकड्यांसाठी आणि चार झुडपांसाठी इतका जीव तुटावा, हे बरं आहे का? दोन्ही सोडू? की एक ठेवू, आणि ठेवलं तर कोणतं?

उत्तर

प्रिय ताई,

आधी ते सेक्रेटरीचं पत्र. बाकी सगळं त्यानंतर. तुम्ही त्याला उत्तर दिलंत की नाही हे लिहिलेलं नाही, आणि ते अजून ड्रॉवरमध्येच असावं अशी मला शंका आहे. एरवी कौन्सिलला अलॉटमेंट रिकामी करून हवी असेल तर १९५० च्या कायद्याप्रमाणे निदान १२ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तीही ६ एप्रिलला किंवा त्याआधी, नाहीतर २९ सप्टेंबरला किंवा त्यानंतर संपणारी, म्हणजे ऐन हंगामात कुणाला उठवता येत नाही. पण कराराची अट मोडली तर हे कवच उरत नाही. मग महिन्याभराच्या नोटिशीवरही प्लॉट जाऊ शकतो, आणि जमीन पडीक ठेवणं हे बहुतेक करारांत अट मोडणंच असतं.

तेव्हा या आठवड्यातच सेक्रेटरीला भेटा, जमलं तर प्लॉटवरच. यजमान गेले, खुबा बदलला, हे जसं मला लिहिलंत तसंच त्यांना सांगा. करार कुणाच्या नावावर आहे हेही बघून घ्या, कारण अलॉटमेंट घरासारखी वारशाने आपोआप येत नाही. आणि एक सरळ मागणी करा: अर्धा प्लॉट परत घ्या, अर्धा माझ्याकडे राहू द्या. पूर्ण प्लॉट १० पोलचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर. (हा पोल म्हणजे आपली काठीच. आपल्याकडे काठी, पांड, बिघा अशी जमीन मोजायचे, तसंच हे जुनं माप इथे अलॉटमेंटपुरतं टिकून आहे.) पाच पोलमध्ये तुमची सगळी फळझुडपं मावतात. अर्धाच तुकडा मागणारे लोक प्रतीक्षायादीत असतात, त्यामुळे सेक्रेटरीलाही हे सोयीचं पडतं. मदतनीस म्हणून शेजारच्या प्लॉटवरच्या कुणाचं नाव लावता येतं का, तेही विचारा. प्रत्येक साइटचा नियम वेगळा असतो, पण विचारल्याशिवाय तो कळत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. तो मी तीन-चार वेळा वाचला, आणि दर वेळी मला वाटलं की तुम्ही एक गोष्ट उलटी धरली आहे. रेकॉर्ड खोक्यात भरून नेता येतात आणि झुडपं मात्र मातीत अडकलेली, असं तुमच्या मनात आहे. म्हणून तुम्ही 'एकच ठेवायचं' अशा कोंडीत सापडला आहात. माझ्या मते झुडपं सहज हलतात. जागेवरून हलली की मुकी होतात त्या रेकॉर्ड.

झुडपांचं आधी सांगते, ते सोपं आहे. ब्लॅककरंटची या वर्षी वाढलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी नोव्हेंबरात पानं गळल्यावर कापायची, वीतभराहून थोडी लांब, आणि अर्धीअधिक मातीत खोचून द्यायची. पुढच्या शरदापर्यंत तिला मुळं धरतात. हे छाट कलम इतकं बिनचूक लागतं की मी दहातल्या आठ काड्या जगतील असं धरूनच चालते. गूजबेरीच्या काड्या थोड्या रुसतात, पण लागतात. रास्पबेरी तर केळीसारखी बुंध्याच्या आजूबाजूला मुनवे सोडते. नोव्हेंबर ते मार्च या काळात तो मुनवा मुळासकट खणून ओल्या गोणपाटात गुंडाळला की आगगाडीने रेडिंगला जातो. म्हणजे तुमच्या २६ वर्षांच्या बागेचा वंश एका पिशवीत मावतो.

पण डोळे उघडे ठेवून निवड करा. हिवाळ्यात ब्लॅककरंटच्या फांदीवर काही डोळे निमुळते न दिसता वाटाण्यासारखे गोल फुगलेले दिसले, तर त्या झुडपाची काडी घेऊ नका. त्या डोळ्यांत माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी बारीक कीड, असते, आणि तीच माइट झाड हळूहळू वांझ करणारा विषाणू पसरवते. तसंच रास्पबेरीचं. पानांवर पिवळे पट्टे असतील, वाढ खुरटली असेल, तर तो मुनवा नको, रोपवाटिकेतून प्रमाणित निरोगी रोप आणलेलं बरं. जुन्या स्ट्रॉबेरीचा तर मोहच सोडा. तीन-चार वर्षांत तिचा जोम संपतो आणि रनर, म्हणजे जमिनीवर सरपटत रोप धरणारे धुमारे, पुन्हा पुन्हा त्याच घराण्यातून घेतले की रोगही वारशाने येतो.

रेडिंगच्या मातीबद्दल एक. तुम्ही बोल्टनला आहात, तिथलं नळाचं पाणी मऊ. रेडिंगचा भाग चुनखडीचा, पाणी जड. रास्पबेरीला चुनखडीची जमीन मानवत नाही, पानं शिरांच्या मधे पिवळी पडतात. म्हणून मुलीच्या बागेतली माती आधी तपासा, आणि शंका असेल तर मोठ्या कुंडीतच लावा. ब्लॅककरंट इतका हळवा नाही. ब्लूबेरी लावायची हौस असेल तर आम्लधर्मी कंपोस्ट आणि पावसाचं पाणी, नळाचं नको. मुलीला सांगा, पाण्याचं पिंप आताच बसव. तिलाही तुमच्या येण्याची तयारी करायला काहीतरी हाताला लागेल.

आणि कुठे जायचं ते ठरेपर्यंत या हंगामातलं काम करा. उन्हाळी रास्पबेरीच्या ज्या फोकांनी फळ दिलं ते आता तपकिरी झाले असतील, साल सुटलेली, हाताने वाकवले तर कट्कन मोडणारे. ते जमिनीलगत कापून टाका. शेजारचे हिरवे, लवचीक फोक पुढच्या वर्षीचे आहेत. ते तारेला बांधा, मीटरभरात सहा-आठच ठेवा. शरदातल्या रास्पबेरीला मात्र आता हात लावू नका, ती पहिल्या कडक थंडीपर्यंत फळ देत राहील. तिचे सगळे फोक फेब्रुवारीत सरसकट छाटायचे. तुम्हाला हे माझ्याहून जास्त माहीत आहे. तरी लिहिते, कारण माझ्या पहिल्या वर्षी मी फेब्रुवारीत दोन्ही रांगा सारख्याच छाटल्या आणि त्या उन्हाळ्यात माझ्या मुलांना एकही रास्पबेरी मिळाली नाही. दुःखात असलेल्या माणसाचे हात सवयीने चालतात आणि असं होतं. तेव्हा माझे वडील नुकतेच गेले होते.

आता रेकॉर्ड.

विगन कसिनो १९७३ च्या सप्टेंबरात सुरू झालं आणि १९८१ च्या डिसेंबरात बंद पडलं. पहाटे दोनला दार उघडायचं, आठला शेवटचं गाणं. दारू नाही. लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर, म्हणजे नाचताना पाय सरकावा. ती इमारत आज नाही, त्या जागेवर शॉपिंग सेंटर आहे. अमेरिकेतल्या मेम्फिसला ज्या जुन्या सिनेमागृहात स्टॅक्स या सोल संगीताच्या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ होता, जिथे थिएटरच्या उतरत्या जमिनीवर काळे आणि गोरे वादक मांडीला मांडी लावून वाजवत, बाहेर शहरात शाळा आणि वस्त्या वेगळ्या असताना, ती इमारतही १९८९ मध्ये पाडली. तिच्या जागी २००३ साली म्युझियम उभं राहिलं, ते तिथे काय घडलं हे सांगणारी माणसं होती म्हणून. विगनच्या त्या रात्रीचं सांगणारं तुमच्या घरात फक्त एक माणूस आहे, आणि त्याने ५० वर्षं तोंड उघडलेलं नाही.

म्हणून म्हणते की रेकॉर्ड मुकी होते. ब्लॅककरंटच्या काडीला कुणी तिची गोष्ट सांगावी लागत नाही. कुणाच्याही अंगणात ती जून उलटला की काळंभोर फळ देते. पण तुमच्या पेटीतली एखादी सात इंची तबकडी तुमच्या नातवंडांच्या हातात नुसती पडली तर ती त्यांच्यासाठी भोक असलेलं प्लास्टिक आहे. बार्बाडोसच्या त्या मुलीने दिलेली एखादी रेकॉर्ड तुमच्याकडे असेलच. त्या काळी पार्टीला नेलेली रेकॉर्ड परत यावी म्हणून मुली लेबलवर बॉलपेनने आपलं नाव लिहीत. तसं नाव तुमच्या एखाद्या लेबलवर असलं तर विक्रेता 'लेबलवर लिखाण' म्हणून तिची किंमत कमी करेल. बाजाराचा नियम तसाच आहे आणि त्यात त्याचा दोष नाही. पण तुमच्या दृष्टीने सहाशे चाळीसमधली तीच एक जपण्याची, आणि ती निळी अक्षरं कुणाची हे तुम्ही सांगितलं नाहीत तर तुमच्या मागे ते कुणालाही कळणार नाही.

विक्रेत्याच्या ४०० पौंडांना आज नाही म्हणा. रागाने नाही, तुम्हाला अजून माहिती नाही म्हणून. ६४० ला ४०० म्हणजे नग ६२-६३ पेन्स. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची जी गाणी सगळ्यांना पाठ आहेत, ती १९६५ पासून ब्रिटनमध्ये टॅम्ला मोटाउन या लेबलवर ढिगाने छापली गेली, त्यांना खरोखरच फार भाव नाही. पण नॉर्दर्न सोलचा, म्हणजे उत्तर इंग्लंडच्या नाचाच्या क्लबांत गाजलेल्या सोल गाण्यांचा, बाजार वेगळ्या न्यायाने चालतो. जी गाणी अमेरिकेत आपटली, म्हणून थोडीच छापली गेली, आणि मग लँकेशरच्या नाचाच्या हॉलमध्ये ज्यांच्यावर जीव ओतला गेला, तीच आज महाग. फ्रँक विल्सनची १९६५ सालची एक सिंगल मोटाउनने छापली, पण बाजारात आणलीच नाही. बोटांवर मोजण्याइतक्या प्रती उरल्या, आणि २००९ मध्ये त्यातली एक २५,००० पौंडांच्या वर गेली. तुमच्याकडे तसं काही असेल असं मी सुचवत नाही. पण सत्तरच्या दशकात बोल्टनच्या आसपास गोळा केलेला संग्रह पेटी न उघडता कुणी विकू नये.

पेटी उघडायची ती अशी. तुमच्या नातवंडांपैकी ज्याला बसायला आवडेल त्याला आठवड्यातून एक संध्याकाळ बोलवा, रेडिंग लांब असेल तर व्हिडिओ कॉलवर. दर वेळी तीन रेकॉर्ड. जास्त नाही. सुई ठेवा, गाणं सुरू व्हायच्या आधीची ती खरखर ऐकू द्या, गाणं पूर्ण वाजू द्या, आणि मग बोला. ही कुठून घेतली, बरोबर कोण होतं, तेव्हा कोणत्या वॉर्डात ड्युटी होती. ते पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून कव्हरमध्ये सरकवा. ज्या रेकॉर्डबद्दल बोलायला तुमच्याकडे काहीच निघालं नाही, ती विकायच्या ढिगात. एवढीच कसोटी. कोणती दुर्मीळ, कोणती चांगल्या अवस्थेतली, हा विचार ठेवायचं ठरवताना करायचाच नाही.

मग विकायच्या ढिगाकडे बाजाराच्या नजरेने बघा. अमेरिकन छापाला मधलं भोक मोठं, ब्रिटिश छापाचं छोटं. लेबलवर मोठं 'ए' अक्षर असेल तर ती बहुधा रेडिओसाठी काढलेली डेमो प्रत, तिला भाव जास्त. शेवटच्या खोबणीच्या आतल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेले आकडे टिपून ठेवा, कारण सत्तरच्या दशकात नकली प्रतीही भरपूर निघाल्या आणि जाणकार तिथेच बघतो. दोन वेगवेगळ्या जाणकारांना यादी दाखवा. सुई जुनी असेल तर आधी नवी बसवा. अमेरिकन सिंगल्समधल्या बऱ्याचशा स्टायरीन या प्लास्टिकच्या असतात आणि झिजलेल्या सुईने त्यांची खोबण चार वेळा वाजवण्यातच चिरडते. आणि हे सगळं चालू असताना पेट्या अलॉटमेंटच्या शेडमध्ये अजिबात नेऊ नका. शेडमध्ये उन्हाळ्यात रेकॉर्ड वाकते आणि हिवाळ्यात कव्हरला बुरशी येते. उभ्या ठेवा, घरातच, रेडिएटरपासून लांब.

माझा अंदाज आहे की शेवटी शंभरेक उरतील. सात इंची शंभर रेकॉर्डना एक शेल्फ पुरून उरतं.

मंडळातल्या गोष्टीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. तुम्ही तो नाद ५० वर्षं लपवलात, जणू तो परका आहे. सोल गायक सॅम कुक आधी सोल स्टिरर्स या ख्रिस्ती भक्तिगीतं गाणाऱ्या गायकवृंदात गात होता. अरीथा फ्रँकलिन डेट्रॉइटला वडिलांच्या चर्चमध्ये गात मोठी झाली. अल ग्रीनने पुढे मेम्फिसला स्वतःच चर्च काढलं आणि तिथे तो प्रवचनं करू लागला. एकाने ओळ टाकायची, मागच्यांनी ती उचलायची, मग त्याने तीच ओळ आणखी वर न्यायची, शब्द संपले तरी आवाज थांबवायचा नाही. ताई, हे तुम्ही लहानपणी कुठल्यातरी देवळात ऐकलेलं आहे. बुवांनी अभंगाचं धृपद टाकलं आणि टाळकऱ्यांनी ते धरलं की काय होतं ते तुमच्या कानाला ओळखीचं होतं, म्हणूनच २१ व्या वर्षी, परक्या देशात, नाइट ड्युटीनंतर त्या छोट्या प्लेअरवरून तो आवाज आला तेव्हा तो तुम्हाला घरचा वाटला असणार. पुढच्या गणपतीत हे कुणाला तरी सांगा. मला खात्री आहे की त्या हॉलमध्ये तुमच्याच वयाचं आणखी एखादं माणूस निघेल, ज्याच्या माळ्यावर अशीच पेटी पडून आहे.

मुलीच्या घरी जावं की नाही, हे मी सांगणार नाही असं तुम्हाला वाटलं असेल. सांगते. जा, पण मार्चनंतर, आणि आधी डिसेंबर-जानेवारीत महिनाभर राहून बघा. तुमच्या मुलीला तुमच्या रेकॉर्ड नकोशा नाहीत. तुम्ही एकट्या ओल्या मातीवर घसराल आणि तासभर कुणाला कळणार नाही, या भीतीने ती बोलते आहे. ती भीती खोटी नाही. तिला विगनची रात्र सांगा. आई रात्रभर नाचून कामावर गेली होती हे कळल्यावर ती तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलेल.

अर्धा प्लॉट निदान एक हंगाम ठेवा. पुढच्या जुलैत ब्लॅककरंट पिकेल तेव्हा मुलीला आणि नातवंडांना चार दिवस बोल्टनला बोलवा, तुम्ही खुर्चीवर बसा आणि तोडणी त्यांना करू द्या. यजमानांनी लावलेलं कोणतं झुडूप कोणतं, ते तिथेच बसून दाखवा. त्यानंतर सेक्रेटरीला किल्ली द्यायची असेल तर द्या. तोवर नोव्हेंबरात लावलेल्या काड्यांना मुळं धरू लागलेली असतील.

आणि त्या काड्या कापताना एक करा. वरचा काप डोळ्याच्या जरा वर, तिरका घ्या. खालचा काप सरळ घ्या. तिरक्या कापावर पावसाचं पाणी साचत नाही, आणि दहा काड्या एकत्र बांधून रेडिंगला नेल्या तरी मुलीला लगेच कळतं, कोणतं टोक मातीत जायचं.